तिशीच्या आत टेस्टोस्टेरॉन घ्यायचं का? आधी हे तपासा

रिपोर्टवरचा टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे पुरुषी हार्मोनचा, एकच आकडा पाहून इंजेक्शन सुरू करू नका. रक्त सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी द्या. दुपारी पातळी तशीही उतरते. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कंपनीत रात्रपाळी चालू असेल तर दिवसपाळी लागून झोप बसेपर्यंत थांबा. तापातून उठल्या उठल्याही नको. टोटल टेस्टोस्टेरॉन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली आलं, तर वेगळ्या दिवशी पुन्हा तपासा. दोन्ही वेळा कमी आणि सोबत कामेच्छा घटणं, सकाळचा ताठरपणा जाणं अशी लक्षणं असतील, तरच पुढे जा.

मग एलएच, एफएसएच (वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स) आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनची रक्ततपासणी. एलएच वाढलेलं असेल तर दोष वृषणात. कमी किंवा नॉर्मल असेल तर ही हार्मोन्स सोडणारी मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी तपासायची. पण वाढलेलं पोट आणि झोपेत श्वास अडकणं हीही नेहमीची कारणं, आणि ती सुधारली की आकडा पुष्कळदा वर येतो.

सगळ्यात महत्त्वाचं, मूल हवंय का? बाहेरून हार्मोन मिळालं की पिट्युटरी एलएच-एफएसएच सोडणं थांबवते आणि शुक्राणू शून्यावरही जातात. बंद केल्यावर ते परतायला ६ ते १२ महिने, कधी त्याहून जास्त लागतात. घरात लग्नाची बोलणी चालू असतील तर आधी वीर्यतपासणी करा आणि एंडोक्रिनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरांना) क्लोमिफेन किंवा एचसीजी या पर्यायी औषधांबद्दल विचारा.

सुरू केलंच, तर हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) आधी आणि ३ ते ६ महिन्यांनी बघा. ५४ टक्क्यांवर गेलं की डोस थांबवतात. जिममध्ये ओळखीतून मिळणारी बाटली मात्र कधीच नको. आत काय आणि किती, हे कुणालाच माहीत नसतं.