कुत्री विकणाऱ्याविरुद्ध अर्ज लिहिताना

कोल्हापुरात कसबा बावड्यात कोर्टाच्या बाहेर माझं टेबल आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, वारसाची नोंद, जे येईल ते लिहून देतो. मी वकील नाही. पण कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो, एवढं तीस-बत्तीस वर्षांत कळलंय. कुत्र्यांच्या अर्जाची वेळ माझ्यावर घरातूनच आली आणि तो पहिला अर्ज मी स्वतःच घालवला. म्हणून हे लिहितोय.

नातवाला लॅब्राडोर पाहिजे होता. फोनवर फोटो बघून ठरवला. विकणारा म्हणाला, "घरी कशाला येताय, आण्णा? मी सांगली फाट्यावर आणून देतो." तिथंच माझ्या डोक्यात घंटा वाजायला पाहिजे होती. पुठ्ठ्याच्या खोक्यातनं पिल्लू दिलं, पैसे घेतले, गेला. तिसऱ्या दिवशी उलट्या, मग रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी पार्वो सांगितला, पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार. पाचव्या दिवशी पिल्लू गेलं. नातू दोन दिवस जेवला नाही.

मी चिडलो, पण चिडून काय केलं? त्याला फोन लावत बसलो. तो आज देतो, उद्या देतो, दुसरं पिल्लू देतो असं करत राहिला. शेवटी पत्ता काढून गेलो. उसाच्या फडाला लागून पत्र्याचं शेड. आत जे दिसलं ते पुढं सांगतो. अर्ज टाइप केला तेव्हा पिल्लू मिळाल्याला साडेतीन महिने झालेले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ३६ मध्ये मुदत आहे तीन महिन्यांची, गुन्हा घडल्यापासून. खोक्यातल्या पिल्लाची गोष्ट त्या कायद्याखाली संपली होती. दुसऱ्यांच्या मुदती मी रोज मोजतो, स्वतःची मोजली नाही.

तर पहिलं काम, कॅलेंडर काढा. जे बघितलं ते कुठल्या तारखेला बघितलं, ते त्याच दिवशी लिहून ठेवा. हाल चालूच असतील तर पुन्हा जाऊन बघा आणि ती नवी तारीख अर्जात घाला. जुन्या तारखेला कवटाळून बसू नका.

आता बघायला कसं जायचं. गिऱ्हाईक म्हणून जा, दिवसाउजेडी जा, बरोबर एक माणूस घेऊन जा, तो उद्या साक्षीदार होईल. कुंपणावरून उडी मारायची नाही. उडी मारलीत तर पुढचा अर्ज तो तुमच्यावर करेल. आत गेल्यावर एकच वाक्य म्हणायचं, "पिल्लाची आई दाखवा." खरा पाळणारा हौसेनं दाखवतो, नको म्हटलं तरी चार गोष्टी सांगतो. दुसरे म्हणतात, ती गावाकडे आहे, तिला अनोळखी माणूस चालत नाही, पुढच्या वेळी बघा. असं उत्तर आलं तर तेही शब्द न बदलता लिहून ठेवा.

शेडमध्ये आधी नाकाला कळतं. मुतारीसारखा उग्र वास, डोळे चुरचुरतात. मग पिंजरे. मादी पूर्ण उभी राहते का, गोल फिरते का? तळ फरशीचा आहे की नुसत्या जाळीचा? जाळीवर वर्षभर उभ्या कुत्रीची बोटं फाकतात, जखमा होतात. नखं वाढून वळलेली असली तर ती चालतच नाही असं समजा. कोपरावर केस गेलेले, कातडं हत्तीसारखं जाड झालेलं. आचळं ओघळलेली आणि बरगड्या मोजता येतात. पाण्याच्या भांड्याला शेवाळ. माझ्या त्या शेडमध्ये चार फूट बाय तीन फुटांच्या एका पिंजऱ्यात दोन मोठ्या माद्या होत्या आणि भांडं उपडं पडलेलं.

हे असंच लिहायचं बघा, आकड्यात. लोक येतात आणि मला सांगतात, "आण्णा, लिवा, मुक्या जनावराचे अतोनात हाल चाललेत." एक ताई तर रडतच आल्या, "मी सोताच्या डोळ्यानं बघून आलो, माणूस न्हाई तो, राक्षस हाय." मी म्हटलं, राक्षस ठाणे अंमलदाराच्या रजिस्टरात बसत नाही. पिंजरे किती, कुत्री किती, पाणी होतं का, कितीला गेलता, कितीला परत आलात, एवढं सांगा. अर्ध्या तासात त्यांचा अर्ज माझ्यापेक्षा चांगला झाला.

फोटो, व्हिडिओ घेता आले तर घ्या, पण मूळ फाइल फोनमधून काढू नका आणि तो फोन विकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली वेळ-तारखेची माहिती गळते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कोर्टात तो पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचा मसुदा वकील करून देतात. फेसबुकवर त्याचं नाव टाकून शिव्या घालायच्या नाहीत. बदनामीची नोटीस येते आणि तोवर शेड धुऊन स्वच्छ झालेलं असतं.

कागद मागा. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ चे आहेत. त्याप्रमाणे ब्रीडरची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे लागते आणि प्रमाणपत्र दिसेल असं लावावं लागतं. इथं हमखास फसवणूक होते. तुम्ही लायसन मागता आणि तो केनेल क्लबचा कागद पुढं करतो. तो वंशावळीचा कागद. आई कोण, बाप कोण, एवढंच तो सांगतो. सरकारी नोंदणीशी त्याचा संबंध नाही. जातीच्या दाखल्यावर दुकानाचा परवाना मिळत नाही, तसंच हे. त्याच नियमांत आहे की आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, दीड वर्षाच्या आतल्या मादीची वीण घ्यायची नाही, आठ वर्षांपुढं घ्यायची नाही, आणि आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेळा नाही. माझ्या नातवाच्या पिल्लाचे दात बघून डॉक्टर म्हणाले होते, जेमतेम पाच आठवडे. ते वाक्य मी केसपेपरवर लिहून घेतलं नाही. तुम्ही घ्या.

नोंदणी आहे की नाही हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला तीस दिवस. तीन महिन्यांतला एक महिना त्यात जातो, म्हणून त्या उत्तरासाठी तक्रार थांबवू नका. दोन्ही एकाच दिवशी टाका.

आता कलमं. त्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये उपखंड आहेत. जनावर मावत नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं, आखूड साखळीला तासन्‌तास बांधणं, मालकानं पुरेसं खायला-प्यायला आणि निवारा न देणं, उपासमारीनं हाल झालेलं जनावर विकायला काढणं, हे सगळं त्यात येतं. गोची अशी की यातलं बहुतेक अदखलपात्र आहे. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहितात आणि तुम्हाला वाटतं आपल्याला वाटेला लावलं. वाटेला लावलेलं नसतं, कायदाच तसा आहे. पुढच्या तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ती मागायचा अर्ज आपण करायचा. पण अवयव तोडणं दखलपात्र आहे, कलम ११(१) चा एल उपखंड. डॉबरमनच्या पिल्लांच्या शेपट्या रबरबँड बांधून झडवलेल्या दिसल्या, कान घरीच कापलेले दिसले, तर माझ्या मते अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात तेच घ्यावं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ मात्र लोक लोणच्यासारखं सगळ्या अर्जांना लावतात. त्यात जनावर मारणं, विष घालणं, निकामी करणं आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उपाशी ठेवलं म्हणून ते आपोआप लागत नाही. साहेब एकदा ते खोडतो आणि मग बाकीचा अर्जही संशयानं वाचतो.

दंडाचं विचारू नका. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत कोल्हापुरात मिसळ धड मिळत नाही. मग कशाला खटाटोप? त्याच कायद्याच्या कलम ३४ साठी. कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी जनावर ताब्यात घेऊन तपासणीला नेऊ शकतो. आणि शिक्षा झाली तर कलम २९ खाली त्याची मालकी काढून घेता येते. त्या धंद्यात पैसे मादीत असतात, दंडात नाही. म्हणून अर्जाच्या शेवटी "कठोर कारवाई व्हावी" एवढ्यावर थांबू नका. "सदर जनावरे कलम ३४ अन्वये ताब्यात घेऊन पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासणी व्हावी" असं स्पष्ट मागा. मागितलेलं मिळतंच असं नाही, पण न मागितलेलं कोणी देत नाही.

अर्जाच्या प्रती तीन जागी. एक पोलीस ठाण्यात. एक जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. एक पुण्याला, औंधच्या पशुसंवर्धन आयुक्तालयात, स्पीड पोस्टानं. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात गेलंय, जुनी माणसं अजून खिडकीवर आरपीएडी, म्हणजे पोचपावतीचं रजिस्टर, मागतात. प्रत्येक ठिकाणी बारनिशीत, म्हणजे आवक टेबलावर, द्यायचं आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घ्यायचा. साहेबांच्या हातात समक्ष दिला, साहेब फार चांगले बोलले, असं लोक सांगतात. साहेब बदलून जातो. शिक्का राहतो.

पैशांचं गाऱ्हाणं वेगळं ठेवा. आजारी पिल्लू विकलं, उपचाराला खर्च झाला, हे ग्राहक आयोगात जातं. तिथं मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माझं तेवढंच शिल्लक होतं. पण सांगली फाट्यावर रोख दिलेल्या पैशांची पावती कुठली? गूगल पेवर दिले असते तरी काही हाताला लागलं असतं. आणि दया येऊन त्याच शेडमधून आणखी एखादं मरतुकडं पिल्लू विकत घेऊन येऊ नका. रिकाम्या पिंजऱ्यात तो महिन्यात दुसरं घालतो, तेही तुमच्याच पैशात.

दुसऱ्या वेळी मात्र मी सगळं रीतसर केलं. त्याच शेडवर, नव्या तारखेनं, शेजारच्या वहिनींना साक्षीला घेऊन. एनसी झाली, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग एक दिवस पंचनामा. पंचनाम्याच्या दिवशी कोणीच आधी विचार न केलेला प्रश्न आला: माद्या ठेवायच्या कुठं? पांजरपोळात गाईंची व्यवस्था असते, कुत्र्यांची नसते. पोलीस ठाण्याच्या आवारात सहा कुत्री बांधायला कोण तयार होणार? साहेब म्हणाले, "जागा नसेल तर परत त्याच्याकडेच ठेवावी लागतील." मी आणि वहिनींनी तिथंच उभं राहून फोन लावले. चार माद्या ओळखीच्या प्राणिमित्रांकडे गेल्या, एक वहिनींकडे. तर अर्ज देण्याआधीच ही यादी तयार ठेवा: कोण किती कुत्री ठेवेल, खर्च कोण करेल, डॉक्टर कोण. नियमानं खर्च मालकाकडून वसूल होतो, पण तो निकाल लागेपर्यंत खायला तुम्हीच घालायचं.

सहावी माझ्याकडं आली. सुपूर्तनाम्यावर, म्हणजे सांभाळायला ताब्यात घेतल्याच्या कागदावर, मी सही केली: एक मादी, लॅब्राडोर, फिकट पिवळी, वय अंदाजे सात, डाव्या कोपराला जुनी जखम, मुद्देमाल क्रमांक तीन. निकाल लागेपर्यंत ती कोर्टाची, म्हणून मी तिला नाव ठेवायला तयार नव्हतो. नातवानं ऐकलं नाही. तो तिला मुद्दी म्हणतो. आता ती टेबलाखाली माझ्या पायावर डोकं ठेवून झोपते. पुढची तारीख पंधरा दिवसांवर आहे, तिच्या लसीचा कागद तेवढा फाइलला लावायचा राहिलाय.