ब्लू-ब्लॅक शाई वापरताय? मग या चुका टाळा

फाउंटन पेनच्या ब्लू-ब्लॅक शाईबद्दल दोन तक्रारी कायम ऐकू येतात. एक म्हणजे "बाटलीवर ब्लू-ब्लॅक लिहिलंय आणि कागदावर नुसती निळी येतेय", आणि दुसरी बरोबर उलटी, "छान गडद होती हो, चार महिन्यांत हिरवट पडली". दोघांनाही वाटतं दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला. तसं काही नसतं, दोघांनी वेगवेगळ्या जातीची शाई घेतलेली असते, फक्त लेबलवरचं नाव एकच. आणि बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात, कारण एका जातीचे नियम आपण दुसरीला लावत बसतो.

जुनी, मूळची ब्लू-ब्लॅक म्हणजे आयर्न गॉल. बाळगुटीतलं मायफळ माहितीये ना, ते म्हणजे ओकच्या झाडावरची गाठ, त्यात टॅनिन (तुरट द्रव्य) ठासून भरलेलं असतं, आणि त्यात हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळली की शाई तयार (आता कारखान्यात त्यातलं ॲसिड सरळ रसायन म्हणूनच घालतात, मायफळं कुटत कोणी बसत नाही). हीच रिॲक्शन तुमच्या स्वयंपाकघरात पण होते, लोखंडी कढईत आवळा शिजवा, कच्ची केळी विळीवर चिरा, काळं पडतं की नाही? टॅनिन आणि लोखंड. पण शाईतलं हे मिश्रण बाटलीत असताना जवळजवळ बिनरंगी असतं, हवा लागली की मग काळं होतं. लिहिताना काय लिहिलंय ते दिसावं म्हणून त्यात निळा डाय घालतात. म्हणजे तुम्हाला आधी दिसतो तो डाय, आणि काळा नंतर कागदावर तयार होतो.

त्यामुळे पहिली चूक, ओल्या रेघेवरून रंग ठरवणं. पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक, प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक, रोरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स, या सगळ्या आयर्न गॉल. सॅलिक्सने लिहिलंत तर पहिल्या मिनिटाला शाळेतल्या निळ्या शाईसारखी वाटेल. तारीख टाकून एक ओळ लिहा, दुसऱ्या दिवशी तिच्याखाली तीच ओळ परत लिहा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. कालची करडी-काळसर आणि आजची निळी दिसली तर आयर्न गॉल. दोन्ही सारख्याच दिसल्या तर ती आयर्न गॉल नाही.

दुसरी चूक, ब्लू-ब्लॅक म्हणजे पक्कीच असं धरून चालणं. पार्करची क्विंक ब्लू-ब्लॅक घ्या किंवा वॉटरमनची मिस्टीरियस ब्लू (हिचं जुनं नाव ब्लू-ब्लॅकच होतं), या डायच्या शाया आहेत, दोन-तीन रंग मिसळून गडद केलेल्या. त्यातले सगळे रंग सारखे टिकत नाहीत, म्हणून मागे हिरवट-मोरपंखी झाक उरते, कधीकधी लिहिल्यावर थोड्याच वेळात. मला स्वतःला तो रंग आवडतो, पण मृत्युपत्रावर नको. पायलटची ब्लू-ब्लॅक आयर्न गॉल नाही तरी पाण्यात बऱ्यापैकी टिकते. सेलरची सेइबोकू तर पिग्मेंटची (न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची), म्हणजे तिसरीच जात. लॅमीची बाटलीतली ब्लू-ब्लॅक पूर्वी आयर्न गॉल होती, नंतर त्यांनी फॉर्म्युला बदलला, म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू वाचून आज बाटली मागवू नका.

टिकण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो, इंग्लंड-वेल्समध्ये लग्नाच्या रजिस्टरमध्ये आयर्न गॉल रजिस्ट्रार शाईनेच लिहायचे, २०२१ मध्ये नोंदणी कॉम्प्युटरवर गेली तोपर्यंत. उगाच नाही.

आता खरी वाट लागते ती मिक्सिंगमध्ये. "दोन्ही ब्लू-ब्लॅकच आहेत ना, उरलेली त्यातच ओतू" हे मी पण केलंय. आयर्न गॉल चांगलीच आंबट असते, दुसरी शाई अल्कलाइन निघाली तर लोखंड गाळ होऊन खाली बसतं. माझ्या कन्व्हर्टरमध्ये (पेनातली शाई भरायची नळी) दुसऱ्या दिवशी ताकात चोथा तरंगावा तसे कण फिरत होते आणि पेन दर तिसऱ्या शब्दाला अडत होतं. शाई बदलायची तर पेन पूर्ण धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आळस नको.

धुण्यातही एक गोची आहे. नेटवर सगळीकडे अमोनियावालं पेन फ्लश (पेन धुवायचं पाणी) वापरा म्हणतात, ते डायच्या शाईला ठीक आहे. आयर्न गॉलला आधी अमोनिया लावलात तर तोच गाळ फीडच्या (निबेखालचा, शाई निबेपर्यंत आणणारा भाग) बारीक खाचांत तयार होतो, म्हणजे साफ करायला गेलात आणि बूच मारून आलात. आधी नुसतं पाणी. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि आठ-नऊ भाग पाणी, अर्धा तास, किंवा पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड. मग परत भरपूर पाणी. स्टीलची निब त्यात रात्रभर बुडवून झोपू नका. व्हिटॅमिन सी पण चालतं, त्याने लोखंड परत विरघळणाऱ्या रूपात येतं, पण चघळायची संत्र्याच्या चवीची गोळी नको हां, तिच्यात साखर आणि रंग असतो.

पेनात शाई भरून महिनाभर विसरणं ही चूक आयर्न गॉलमध्ये महागात पडते. रोज लिहीत असाल तर काही होत नाही, आजकालच्या शाया सौम्य आहेत, सोन्याच्या निबला तर काहीच फरक पडत नाही. पण स्वस्तातली स्टीलची निब आणि उन्हाळाभर ड्रॉवरमध्ये पडलेलं पेन, तर गंज आणि गाळ दोन्ही. पाणी उडून शाई दाट होते तेव्हा रंग मस्त गडद येतो आणि लोक खूश होतात, ती वाळायची सुरुवात असते. डायची शाई दाट झाली तर डिस्टिल्ड वॉटरचे दोन थेंब घाला, बोअरचं पाणी नको. आयर्न गॉलच्या बाटलीत तळाला काळा गाळ दिसला तर मात्र हलवून वापरू नका, तो परत विरघळत नाही, टाकून द्या.

कागद फार मनावर घेऊ नका. उलट साध्या वहीवर जिथे बाकीच्या शाया फुटतात तिथे आयर्न गॉल नीट बसते, थोडी कोरडी चालते, म्हणजे निबेतून शाई कमी उतरते, एवढंच. पेन आधीच कोरडं असेल तर ही जोडी जमणार नाही.

राहिला शर्ट. खिशात पेन गळलं की पहिला हात ब्लीचकडे जातो, आणि निळा जातोही, म्हणून बरं वाटतं. पण लोखंड कापडातच राहतं आणि तिथे गंजासारखा तांबूस डाग उमटतो, तो मूळ डागापेक्षा चिवट. आधी गार पाणी, मग लिंबू-मीठ चोळून थोडा वेळ ठेवायचं, जसं गंजाच्या डागाला करतो तसंच, आणि परत धुवायचं. मला हे ब्लीच ओतल्यावर कळलं. तो पांढरा शर्ट आता निबा पुसायला टेबलाखाली असतो.