पहिला रोल कोरा निघाला तेव्हा

मामाने माळ्यावरून पेंटॅक्स के-१००० काढून माझ्या हातात ठेवला, तोवर मी फक्त मोबाईलवर फोटो काढले होते. १९७६ साली आलेला आणि १९९७ पर्यंत बनत राहिलेला हा कॅमेरा नवशिक्यांनी जरूर घ्यावा असं माझं ठाम मत आहे. त्याचं शटर पूर्ण यांत्रिक आहे. सेल संपला तरी फोटो निघतो, फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई हलत नाही. सेल एलआर ४४, घड्याळवाल्याकडे मिळतो. मीटर बंद करायला बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सला टोपण लावा.

पहिला रोल घेऊन मी वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर सकाळभर फिरले. रोल ३६ फोटोंचा, पण फोटो मोजणारा काउंटर ३६ च्या पुढे गेला तरी फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर आरामात ओढला जात होता. मामाला फोन लावला.

"अगं, ओढताना डावीकडची खुंटी फिरत होती का?"

फिल्म सरकली की ती खुंटी फिरते; मी बघितलंच नव्हतं. फिल्म पुढे सरकलीच नव्हती. काउंटर फिल्म मोजत नाही, लिव्हर किती वेळा ओढला ते मोजतो. घाटाच्या पायरीवर बसून रडू आलं मला.

म्हणून रोल भरणं आधी घरी, एखाद्या वाया गेलेल्या रोलवर दहा वेळा करून बघा. खुंटी वर ओढली की मागचं झाकण उघडतं. कॅसेट डाव्या खोबणीत बसवून खुंटी खाली दाबायची. फिल्मची जीभ उजवीकडच्या रिळावरच्या पांढऱ्या काड्यांमध्ये खोचायची. मग झाकण उघडंच ठेवून लिव्हर एकदा ओढायचा आणि वरच्या-खालच्या दोन्ही कडांची भोकं चाकाच्या दातांवर नीट बसली का ते बघायचं. घाई करू नका, सगळा खेळ इथेच आहे. झाकण लावल्यावर खुंटी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून ढील काढा. आता प्रत्येक वेळी लिव्हर ओढताना खुंटी उलटी फिरलीच पाहिजे. पहिले दोन फोटो रिकामे जाऊ द्या. शटरच्या चकतीची कडा उचलून फिल्मचा आयएसओ, म्हणजे ती उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, लावायला विसरू नका.

मीटरचं एक समजून घ्या: समोर काहीही असो, ते मध्यम करडं आहे असं धरूनच तो चालतो. त्यामुळे घाटाचा काळा दगड फिकट येतो आणि पांढरं धोतर मळकट. मी आपल्या तळहातावर, त्याच उजेडात, मीटर घेते आणि एक स्टॉप उजेड जास्त, म्हणजे दुप्पट, देते. रंगीत निगेटिव्हला जास्त उजेड चालतो, कमी पडला की सावल्या गढूळ होतात. सेल नसेल तर लख्ख उन्हात लेन्सच्या छिद्राचा आकडा एफ/१६ ठेवा आणि आयएसओच्या जवळचा शटर स्पीड लावा. २०० च्या रोलला २५०, म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग.

रोल संपला की लिव्हर अडतो. जोर लावू नका, फिल्म फाटते. खालचं छोटं बटण दाबून खुंटीची मूठ उलगडा आणि बाणाच्या दिशेने फिरवा. शेवटी फिल्म रिळातून सुटल्याचं हाताला कळतं, खुंटी एकदम हलकी होते. झाकण त्यानंतरच उघडायचं.

मेणवलीला पुन्हा गेले तेव्हा प्रत्येक फोटोचा आकडा, एफ आणि स्पीड वहीत लिहिला. लॅबमधून निगेटिव्ह आल्यावर पट्टी खिडकीशी धरून वहीशी ताडून पाहिली. नववा फोटो नदीत धोतर पिळणाऱ्या आजोबांचा होता. त्यातल्या धोतराची प्रत्येक घडी दिसत होती.