दृष्टी अधू झालेल्यांसाठी अँड्रॉइड फोनची जुळवणी

घरात कोणाची दृष्टी कमी झाली की मुले मोठ्या हौसेने त्यांच्या फोनमध्ये टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचे सारे बोलून सांगणारी सोय, चालू करून देतात आणि दुसऱ्याच दिवशी ‘फोन बिघडला’ अशी तक्रार येते. फोन बिघडलेला नसतो. टॉकबॅक चालू होताच स्पर्शाचे नियम बदलतात, आणि ते कोणी समजावून सांगितलेले नसतात. म्हणून सेटिंग्ज उघडण्यापूर्वी त्या व्यक्तीला किती दिसते आणि कसे दिसते, हे नीट विचारून घ्यावे.

थोडेफार दिसत असेल, तर टॉकबॅकची घाई करू नये. सेटिंग्जमधील अ‍ॅक्सेसिबिलिटी या विभागात अक्षरांचा आकार व डिस्प्लेचा आकार वाढवता येतो, रंग उलटे करता येतात, तसेच मॅग्निफिकेशन चालू करून तीनदा टॅप केल्यास पडदा मोठा होतो. मग दोन बोटांनी तो सरकवत वाचता येते. नजरेच्या मध्यभागी धूसर दिसणाऱ्याला मोठ्या अक्षरांचा चांगला उपयोग होतो. काचबिंदूमुळे कडेची दृष्टी गेलेल्याला मात्र अतिमोठी अक्षरे उलट त्रासाची ठरतात, कारण उरलेल्या अरुंद नजरेत एका वेळी जेमतेम दोन-तीन अक्षरे मावतात. अशा वेळी अक्षरे बेताचीच ठेवून काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा मजकूर करून पाहावा. केवळ लांबलचक मजकूर वाचताना डोळे दमत असतील, तर ‘सिलेक्ट टू स्पीक’ पुरेसे आहे. निवडलेला मजकूर फोन वाचून दाखवतो आणि एरवीचे स्पर्श जसेच्या तसे राहतात.

जवळजवळ काहीच दिसत नसेल, तर टॉकबॅकला पर्याय नाही. ते चालू करण्यापूर्वी टेक्स्ट-टू-स्पीच (मजकूर वाचून दाखवणारा आवाज) या सेटिंगमध्ये मराठी आवाज डाउनलोड करून घ्यावा. देवनागरी मजकूर हिंदी आवाजही वाचतो, परंतु ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च तो सारखाच उच्चारतो आणि ऐकणाऱ्याचा अर्धा वेळ अर्थ लावण्यात जातो. बोलण्याचा वेग सुरुवातीला संथ ठेवावा. महिन्याभरात तो वाढवण्याची मागणी त्यांच्याकडूनच येते.

आता हाताची सवय. एक बोट पडद्यावर फिरवले की त्याखाली जे येईल त्याचे नाव ऐकू येते. निवडलेली गोष्ट उघडण्यासाठी पडद्यावर कोठेही दोनदा टॅप करायचे. एका बोटाने उजवीकडे झटकले की पुढची गोष्ट, डावीकडे झटकले की मागची. यादी वरखाली सरकवायला दोन बोटे लागतात, आणि नवशिके नेमके येथेच अडखळतात. टाइप करताना कीबोर्डवर बोट फिरवत राहावे, हवे ते अक्षर ऐकू येताच बोट उचलावे, म्हणजे ते उमटते. शिकवणाऱ्याने त्यांचे बोट धरून फिरवू नये. नुसते तोंडाने सांगावे. माझ्या मामांना पहिला फोन लावायला पाऊण तास लागला होता, पण तो त्यांनी स्वतः लावला.

दोन्ही व्हॉल्यूम बटणे काही सेकंद एकदम दाबून टॉकबॅक चालू-बंद करण्याचा शॉर्टकट अवश्य ठेवावा, म्हणजे घरातल्या डोळस माणसाने फोन हातात घेतल्यावर त्याचाही गोंधळ होत नाही. काही अ‍ॅपमध्ये बटणांना नावेच दिलेली नसतात आणि टॉकबॅक नुसते ‘अनलेबल्ड’ म्हणते. हा दोष अ‍ॅप बनवणाऱ्याचा. अशा पुष्कळ बटणांना टॉकबॅकच्या मेनूतून स्वतःचे नाव देता येते. नेहमीच्या अ‍ॅपमध्ये हे काम एकदाच बसून उरकावे.

पैशांच्या व्यवहारात दोन गोष्टी सांभाळाव्यात. पिन टाकताना इयरफोन लावावेत, नाहीतर शेजारच्यालाही आकडे ऐकू जाण्याचा धोका राहतो. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे अ‍ॅप आहे. जानेवारी २०२० मध्ये आलेले हे अ‍ॅप एकदा घेतले की इंटरनेटशिवायही चालते आणि कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट कितीची आहे ते बोलून सांगते. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही. त्यामुळे मोठी रक्कम घेताना विश्वासाचे माणूस सोबत असावे.