मका-शेंगांवरची बुरशी: या चुका टाळा

खान्देशात खरिपाचा मका आणि भुईमुगाच्या शेंगा घरात यायला आणि परतीचा पाऊस यायला बहुतेक एकच गाठ पडते. घाईघाईत ओली कणसं ढिगाला लावून वर ताडपत्री ओढली जाते. दोन-तीन दिवसांनी त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघा, आत गरम लागेल. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी अशा ओल्या उबेतच फोफावते आणि दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. पावसात झाकाच, पण उघाड पडली की लगेच ढीग मोडून पातळ पसरा.

धुतलं, भाजलं, शिजवलं की विष जातं, या भरवशावर मात्र राहू नका. चुलीच्या आचेने बुरशी मरते, विष बऱ्याच अंशी तसंच राहतं आणि यकृतावर घाव घालतं. 1974 मध्ये गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात पावसात भिजलेला बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. त्या आदिवासी घरांत दुसरं धान्यच नव्हतं. आपल्याकडे सातपुड्याच्या पाड्यांवरही मक्याची भाकरी रोजची आहे, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

पोती भरण्याआधी मक्याची ओल 13 टक्क्यांच्या आत हवी, शेंगांची 8 च्या आसपास. ओलमापक नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर मका आणि कोरडं मीठ घालून हलवा, थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तरी आणखी दोन उन्हं द्या. शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे.

शेंगा पोसताना पाण्याचा ताण पडला तर बुरशी शेतातच शिरते, म्हणून जमेल तसं एखादं पाणी द्या. वाळवीने पोखरलेल्या, काढताना फुटलेल्या शेंगा वेगळ्या काढा. फोडणीयंत्रात दाणा तुटू नये म्हणून शेंगांवर पाणी मारतात, ते तर अजिबात नको. वाळवण्याची सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

निवडलेला खराब माल गोठ्यात टाकू नका. बुरशीची सरकी ढेप किंवा मका खाल्लेल्या म्हशीच्या दुधात त्या विषाचा अंश उतरतो आणि ते दूध घरातलं पोरच पितं. कोंबड्यांनाही घालू नका, खोल खड्ड्यात पुरा.