कृष्णाकाठचं कोणतं रान हरभऱ्याला? गावाचा गटनिहाय नकाशा असा तयार करा

वाळवा, पलूस, मिरज भागात सोयाबीन निघालं की हरभऱ्याची लगबग सुरू होते. बांधाच्या अलीकडं हरभरा रान झाकून टाकतो, आणि पलीकडं त्याच बियाण्याचा, त्याच दिवशी पेरलेला हरभरा जागोजागी तुटका दिसतो. कुणाच्या रानात मीठ फुटलंय, कुणाचं रान दिवाळी सरली तरी वाफशावर, म्हणजे पेरणीजोग्या ओलीवर, येत नाही, हे गावातल्या जाणत्यांना तोंडपाठ असतं. कागदावर मात्र ते कुठंच नसतं. शेतकरी गटाला बियाणं एकत्र घ्यायचं असेल, किंवा उसाखालचं थोडं रान कडधान्याकडं वळवायचं असेल, तर ही माहिती नकाशावर आणावी लागते. एक संगणक, दोन-तीन हौशी पोरं आणि एका हंगामाची पायपीट एवढ्यावर हे काम होतं. सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत.

आधी कामाची रीत सांगतो, कारण बहुतेक नकाशे तिथंच फसतात. रूढ पद्धत अशी, की प्रत्येक गटाला, म्हणजे सातबाऱ्यावरच्या गट नंबराच्या जमिनीला, मातीचे, उताराचे, पाण्याचे, रस्त्याचे गुण द्यायचे आणि बेरीज करायची. यात एखादं रान क्षारानं पार गेलेलं असलं तरी खोल काळी माती, सपाट जमीन आणि शेजारची पाइपलाइन यांच्या गुणांवर ते पास होऊन जातं. हरभरा अशा रानात उगवतच नाही. म्हणून आधी वजाबाकी, मग बेरीज. जे रान पीक मारणार ते पहिल्यांदा खोडा आणि उरलेल्यालाच गुण द्या.

१. पायाचा नकाशा

‘महाभूनकाशा’ संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गटांच्या हद्दी दिसतात. तो नकाशा उतरवून क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घ्या आणि उपग्रह चित्रावर बसवा. बसवायला पाच-सहा पक्क्या खुणा लागतात: ओढ्यावरचा पूल, रस्त्यांचा चौक, जुन्या विहिरी, शिवेचा दगड. खुणा गावाच्या चारी बाजूंना पसरलेल्या घ्या. सगळ्या गावठाणातल्या घेतल्या तर मळ्यातले गट सरकतात. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे यूटीएम या जागतिक नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतात, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्शनला (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत) ३२६४३ हा क्रमांक निवडा म्हणजे क्षेत्रफळ नीट निघेल.

उपग्रहाला किती बारीक दिसतं याचा अंदाज सुरुवातीलाच घेऊन ठेवा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. थोडक्यात, एक ठिपका म्हणजे एक गुंठा, आणि एकराला चाळीस ठिपके. वीस गुंठ्यांच्या तुकड्याबद्दलही त्यावरून काहीतरी बोलता येतं. याउलट जगभराचे मातीचे जे तयार नकाशे फुकट मिळतात, त्यांतला एक ठिपका २५० मीटरचा, म्हणजे साधारण साडेपंधरा एकरांचा असतो. आपल्याकडं तेवढ्यात पंधरा खातेदार आणि तीन प्रकारची माती निघेल. असे नकाशे जिल्ह्यासाठी ठीक आहेत, गावासाठी बघूच नका.

पावसाचंही तसंच. जिल्ह्याचा नकाशा असेल तर शिराळ्याचा पाऊस आणि आटपाडीचा पाऊस वेगळा धरावाच लागतो. एका गावात मात्र सगळ्या गटांना एकाच महसूल मंडळाचा आकडा लागणार, त्यामुळं पावसाच्या माहितीचा हा थर घालून नकाशा जड होतो, शहाणा होत नाही.

२. क्षारपड रान खोडा

कृष्णाकाठी हा सगळ्यात महत्त्वाचा थर आहे, तेव्हा निम्मा वेळ इथंच जाऊ द्या. वर्षानुवर्षं पाटानं भरपूर पाणी, वर ऊस आणि खाली निचरा नाही, त्यामुळं भूजल वर आलं आणि त्याबरोबर क्षारही. हरभरा क्षाराला फार नाजूक आहे. उसाची वाढ नुसती खुंटते अशा रानात हरभऱ्याचं बी कुजून जातं.

पहिला अंदाज उपग्रहावरून घ्या. मार्च-एप्रिलची, ढग नसलेली तीन-चार वर्षांची चित्रं काढा. दरवर्षी त्याच जागी पांढुरके पट्टे दिसले तर तिथं खूण करा. नुकतीच नांगरलेली कोरडी जमीन किंवा मुरूमही उजळ दिसतो, म्हणून एका वर्षाच्या चित्रावर भरवसा नको. मग त्या खुणा घेऊन रानात जा. पहाटेच्या ओलीत काळपट आणि दुपारी पांढरी दिसणारी, पायाखाली भुसभुशीत लागणारी माती, चरीच्या कडेला पाणकणीस, बांधाला वेडी बाभूळ आणि मधेच टक्कल पडल्यासारखा ऊस, एवढं एकत्र दिसलं तर प्रयोगशाळा फक्त आकडा सांगणार.

तो आकडा लागतोच. नेहमीच्या माती परीक्षणात ८-१० ठिकाणची वरची माती एकत्र करून अर्धा किलो देतात. क्षारासाठी ती पद्धत अपुरी पडते. गिरमिटानं ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटरचे नमुने वेगवेगळे काढा आणि वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. पावसाळ्यानंतर वरचा थर धुतलेला असतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये तो चांगला दिसतो. खालच्या थरात मीठ तसंच असतं आणि जानेवारीत ऐन घाटे भरताना वर येतं. त्यामुळं एक नमुना पेरणीआधी आणि एक मार्चमध्ये घ्या.

अहवाल वाचताना एक गोष्ट पाहा. क्षार विद्युतवाहकतेवरून मोजतात, आणि पुस्तकात क्षारयुक्त जमिनीची मर्यादा ४ डेसीसायमन प्रति मीटर लिहिलेली असते. ती मातीच्या संपृक्त अर्कासाठी, म्हणजे पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यासाठी आहे. आपल्याकडच्या मृदा आरोग्य पत्रिकेवरचा आकडा बहुतेकदा माती एक भाग आणि पाणी अडीच भाग अशा मिश्रणाचा असतो. पाणी जास्त, म्हणून आकडा लहान येतो. त्या मोजणीत १ च्या वर गेलं की उगवणीचं कोडं सुरू होतं. तेव्हा ‘माझा आकडा दीडच आहे, चारच्या आत आहे’ असं समाधान करून घेऊ नका. सामूही (पीएच) बघा. तो साडेआठच्या वर असेल तर रान चोपण (सोडियम वाढून घट्ट) होत चाललंय, आणि तिथं निचऱ्याबरोबर जिप्समचाही विचार लागतो.

खोडलेल्या गटांचे दोन रंग ठेवा. जागतिक अन्न व कृषी संघटनेनं १९७६ साली जमिनीच्या योग्यतेची जी चौकट दिली, तिच्यात ‘सध्या अयोग्य’ आणि ‘कायम अयोग्य’ असे दोन वर्ग आहेत. क्षारपड रान सहसा पहिल्यात बसतं. भूमिगत सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला तर ते सुधारतं. उघड्या खडकाचं तसं नाही.

३. पुराचं रान खोडू नका, तपासा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोका पातळी ४५ फूट. २००५ आणि २०२१ चे पूरही लोक विसरलेले नाहीत. त्यामुळं नकाशा करणारा पूररेषेच्या आतलं सगळं रान लाल करून मोकळा होतो. तुरीसाठी ते बरोबर आहे, कारण तूर पावसाळाभर रानात उभी असते. हरभरा ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो. तोवर पूर ओसरून गेलेला असतो आणि मागं गाळ व ओल सोडून जातो. नदीकाठची गाळाची मळी खरं तर हरभऱ्याची हक्काची जागा.

इथं विचारायचं ते हे, की पाणी उतरल्यावर रान वाफशावर कधी येतं? बागायती हरभऱ्याची पेरणी साधारण २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळात व्हावी लागते. त्यापुढं गेलं की घाटे भरताना ऊन तापतं आणि उतारा घटतो. म्हणून पूर किती उंच आला यापेक्षा २० ऑक्टोबरला कुठं पाणी थबकलेलं होतं, हे शोधा. ढगांतून पाहणारं सेंटिनेल-१ चं रडार चित्र यासाठी वापरता येतं. ते कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं आणि त्यात उघडं पाणी काळं दिसतं. एक अडचण अशी की उंच उसाच्या बुडात साचलेलं पाणी रडारला नीट दिसत नाही, आणि आपल्याकडं नेमका ऊसच जास्त. तिथं शेजाऱ्याला विचारणं भाग आहे.

उंचीच्या फुकट नकाशावरून सखल भाग काढायचा मोह होतो. त्यांतल्या नेहमीच्या वापरातल्या नकाशाची मापं फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून घेतलेली आहेत आणि त्यांत काही मीटरची चूक सहज असते. काठाला रान फूट-दीड फुटानं खाली असलं तरी पाणी धरतं. त्यापेक्षा घरांच्या, मोटार खोल्यांच्या भिंतींवरच्या पुराच्या खुणा टेपनं मोजा आणि त्यावरून सखल-उंच ठरवा.

किनारपट्टीवर काम करणाऱ्यांचीही क्षाराची आणि वेळेची अडचण हीच, फक्त मीठ येतं समुद्रातून. कोकणात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, चवळी घेतात, आणि बांगलादेशच्या दक्षिण किनाऱ्यावर भातामागं मूग घेतात. तिथं जसजसा उन्हाळा चढतो तसतसा मातीतला क्षार वाढतो, म्हणून पीक त्याआधी निघेल का, हा तिथल्या नकाशाचा मुख्य प्रश्न. खाडीचं पाणी आणि खारबंदिस्तीची (खारं पाणी अडवणाऱ्या बांधांची) अवस्था हे दोन थर तिथं वाढवा, बाकी कृती हीच.

४. जे उपग्रहाला दिसत नाही

मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. गेल्या पाच-सहा वर्षांत ज्या गटात हरभरा मधूनच वाळत गेला, त्याची नोंद फक्त शेतकऱ्याकडं मिळते. अशा गटावर वेगळी खूण करा. तिथं विजय, दिग्विजय, फुले विक्रम यांसारखा मरला प्रतिकारक वाण आणि ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची बीजप्रक्रिया सुचवता येईल. मातीची खोली विचारायची असेल तर जेसीबीवाल्याला गाठा. गावातल्या पाइपलाइनचे चर त्यानं काढलेले असतात आणि कुठं हातभरावर मुरूम लागला हे तो गटासकट सांगतो.

५. उरलेल्या गटांना गुण

आता बेरीज. खोडून उरलेल्या गटांसाठी चारच निकष पुरे: मातीची खोली, निचरा, सामू आणि एक-दोन संरक्षित पाण्याची (पिकाला ताण बसताना द्यायच्या पाण्याची) सोय. कशाला किती वजन द्यायचं हे एकट्यानं ठरवू नका. चार अनुभवी शेतकरी बसवा आणि दोन-दोन निकषांची जोडी विचारा: खोली महत्त्वाची की पाणी? किती पट? थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही तुलनेची पद्धत आहे, आणि तिचं गणित साध्या एक्सेलमध्ये होतं. उत्तरं एकमेकांशी जुळतात का याचंही एक प्रमाण त्यात निघतं. ते ०.१ च्या वर गेलं तर चर्चा पुन्हा करा.

सुरुवातीला खोलीला ४०, निचऱ्याला ३०, सामूला १५, पाण्याला १५ अशी वजनं धरून बघा. तुमच्या गावाला ती बदलावी लागतील. पाण्याचं वजन वाढवायचा आग्रह नक्की होईल, कारण इथल्या माणसाला पाणी म्हटलं की सगळं जमलं असं वाटतं. भारी रानात जास्त पाणी दिलं की हरभरा उभळतो, म्हणजे मूळ गुदमरून वाळतो, हे त्या बैठकीत कुणीतरी सांगायला हवं. तिकडं माण-खटाव किंवा जतच्या कोरडवाहू शिवारात मात्र पाण्याचा निकष जवळजवळ गळतो आणि सगळा भार खोलीवर येतो. अर्ध्या मीटरच्या आतलं रान तिथं हरभऱ्याला देण्यापेक्षा पुढच्या खरिपात मटकी-हुलग्याला सोडलेलं बरं.

६. पडताळणी

नमुन्यांतले दहा-बारा गट सुरुवातीलाच बाजूला ठेवा आणि नकाशा करताना त्यांची माहिती वापरू नका. नकाशा झाल्यावर ते गट काढून बघा, रंग बरोबर पडला का. दुसरी पडताळणी पिकावरून. हरभऱ्याचं रान ऑक्टोबरअखेर उघडं, डिसेंबर-जानेवारीत हिरवं आणि फेब्रुवारीत पिवळं पडलेलं दिसतं. ऊस या सगळ्या काळात हिरवाच राहतो. एवढ्या फरकावर सेंटिनेलच्या चित्रांत हरभरा वेगळा काढता येतो. ई-पीक पाहणीच्या नोंदीशी तो ताडून पाहा. जिथं नकाशा ‘अयोग्य’ म्हणतो आणि हरभरा जोमात उभा आहे, तिथं आधी नकाशावर संशय घ्या आणि मालकाला भेटा. अनेकदा त्यानं कडेनं खोल चर काढलेली असते.

नकाशा गावात लावण्याआधी ज्यांचे गट लाल आहेत त्यांना तो घरी जाऊन दाखवा. ‘क्षारपड’ असा शिक्का चौकात लागला की जमिनीच्या भावावर बोललं जातं. त्यात एका गटात सात-आठ पोटहिस्से असतात आणि खराबा त्यातल्या एकाच कोपऱ्यात असतो, तर रंग त्या कोपऱ्यालाच द्या, अख्ख्या गटाला नको. खाली कोपऱ्यात पीक, हंगाम आणि नमुने घेतल्याचा महिना ठळक लिहा. कुणी निचऱ्याचे पाइप टाकले किंवा नवा पूर येऊन गेला, तर तेवढ्या गटांचे नमुने पुन्हा घ्यायचे.