जर्मनचे उमलाउट साध्या कीबोर्डवरून

जर्मन शिकणारे बरेच जण 'ए', 'ओ', 'यू'वरची दोन टिंबं, म्हणजे उमलाउट, गूगलवरून कॉपी-पेस्ट करतात. ऑल्ट धरून ०२५२ टाइप केलं की टिंबांचा 'यू' येतो हे खरं, पण त्याला उजवीकडचं नंबर-पॅड लागतं आणि लहान लॅपटॉपवर ते नसतंच. जर्मन लेआउट, म्हणजे कीबोर्डवरची जर्मन अक्षरमांडणी, घ्यायच्या भानगडीत पडू नका. त्यात 'वाय' आणि 'झेड'ची अदलाबदल असते.

विंडोज ११च्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग 'लँग्वेज अँड रीजन' उघडा. इंग्रजीसमोरच्या तीन टिंबांतून 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जा आणि 'युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल' हा कीबोर्ड जोडा. आता उजवा ऑल्ट धरून 'क्यू' दाबलं की टिंबांचा 'ए', 'पी'ने 'ओ', 'वाय'ने 'यू' आणि 'एस'ने एस्त्सेट, म्हणजे जर्मनचं ß हे अक्षर. टिंबांचं अक्षर कॅपिटल हवं तर सोबत शिफ्ट. वर्ड असो की ब्राउझर, सगळीकडे चालतं.

एकच कटकट आहे. या लेआउटमध्ये अवतरणचिन्ह दाबलं की लगेच उमटत नाही, पुढच्या अक्षराची वाट बघतं. एकेरी चिन्हानंतर 'ई' दाबलंत तर फ्रेंचचा तिरक्या रेघेचा 'ई' येतो. फ्रेंचवाल्यांना बरंच आहे म्हणा! नुसतं चिन्ह हवं असेल तर त्यानंतर स्पेसबार दाबा. कोड लिहिणाऱ्यांना हे फार छळतं, म्हणून जुना कीबोर्ड काढू नका. विंडोज-की आणि स्पेसने हवा तेव्हा बदला.

मॅकवर यातलं काहीच लागत नाही. अक्षराची की दाबून धरली की पर्याय समोर येतात.